रिकाम्या रकान्याचा शेरा

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. त्यात पाणी आहे, सातबारा आहे आणि थोडं कॉम्प्युटरचंही आहे. तेवढ्यावरून पुढे सरकू नका, कारण गोष्ट सुरू होते निळ्या रंगाच्या एका चुकीपासून आणि ती चूक माझी आहे.

दोन वर्षांपूर्वी पाण्यावर काम करणाऱ्या काही मित्रांना मी एका तालुक्याचा भूजलाचा नकाशा करून दिला. निरीक्षण विहिरींमधलं पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे याचा तक्ता एका कार्यालयातून एक्सेलमध्ये मिळाला होता. तो नकाशावर चढवला. पाणी जितकं वर तितका निळा, जितकं खोल तितका तांबडा असा रंग दिला आणि रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून झोपले. सकाळी पहिला फोन एका सरपंचांचा. "ताई, आमच्याकडे मार्चपासून टँकर चालू आहे आणि तुमच्या नकाशात आम्ही तळ्यात बसलोय."

सरपंच बरोबर होते. सगळ्यात गडद निळा ठिपका त्यांच्याच गावावर होता. शोधलं तर कारण अगदी साधं निघालं. त्या विहिरीच्या ओळीत आकड्याचा रकाना रिकामा होता आणि मी एक्सेलची शेपफाइल केली होती. शेपफाइल ही नकाशाच्या धंद्यातली जुनीजाणती फाइल. तिच्यातला तक्ता डीबेस नावाच्या आणखी जुन्या पद्धतीचा असतो आणि 'इथे आकडाच नाही' हे लिहायची त्यात धड सोय नाही. कित्येक प्रोग्रॅम अशा जागी शून्य लिहून मोकळे होतात. माझाही झाला. आता पाणी जमिनीखाली शून्य मीटरवर, याचा अर्थ काय? विहीर काठोकाठ भरलीय. वर मधल्या जागा सॉफ्टवेअर शेजारच्या विहिरींवरून अंदाजाने भरतं, त्यामुळे बाजूची दोन गावंही निळसर झाली होती. टँकरच्या फेऱ्यांची चर्चा त्याच आठवड्यात होणार होती. नकाशा दुपारपर्यंत मागे घेतला, ग्रुपवर माफी मागितली.

एवढं रामायण सांगायचं कारण असं, की रिकाम्या रकान्याचं काय करायचं याचा विचार नकाशावाल्यांनी तीस वर्षांपूर्वीच सुरू केला होता. त्यावर आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. मी स्वतः एकेकाळी त्या मानकांवर पगार घेतलाय. तरी चुकले.

आधी हा प्रश्न किती घरगुती आहे ते बघा. जुन्या लोकांच्या बोलण्यात जमीन 'दोन वीस' असते. म्हणजे दोन एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, तेव्हा ही झाली अडीच एकर. तेच कुणी तक्त्यात २.२० असं टाइप केलं की कॉम्प्युटर ते दशांश समजतो, आणि २.२० एकर म्हणजे दोन एकर आठ गुंठे. बारा गुंठे गेले, आणि कुणी चोरलेही नाहीत! सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं १.२०.५० लिहितात, त्यात दोन टिंबं असतात, त्याला तर कॉम्प्युटर आकडा मानायलाच तयार होत नाही. गट नंबर १२, हिस्सा १, म्हणून १२/१ लिहावं तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यातली वस्तू एक आणि फाइलमध्ये पडलेली वस्तू दुसरी. डोक्यातला 'हिस्सा नंबर', 'क्षेत्र', 'तारीख' हे संकल्पनेतले प्रकार. फाइलमधले प्रकार म्हणजे अक्षरं, पूर्णांक, दशांश. एकातून दुसऱ्यात जाताना काय सांडतं, हा या पोस्टचा विषय.

१९९४ साली आयएसओने भौगोलिक माहितीसाठी तांत्रिक समिती २११ नेमली. तिचं सचिवालय नॉर्वेकडे होतं. त्याच वर्षी अमेरिकेत ओपन जीआयएस कन्सॉर्टियम उभी राहिली, जिला आज ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्टियम म्हणतात. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरची फाइल वेगळी, आणि एकीतून दुसरीत नकाशा न्यायचा तर वाटेत काहीतरी गळणारच. समितीने यावर घेतलेला निर्णय मला आजही हुशारीचा वाटतो. त्यांनी ठरवलं की फाइलबद्दल आत्ता बोलायचंच नाही. आधी अर्थ लिहायचा. रस्ता म्हणजे काय, त्याला कोणते गुण असतात, त्यातला कोणता गुण अक्षरांचा, कोणता मापाचा, कोणता तारखेचा, कोणता सक्तीचा, कोणता ऐच्छिक. हे सगळं यूएमएल नावाच्या चौकटी-रेघांच्या चित्रभाषेत काढायचं. फाइलमध्ये ते कसं उतरवायचं हे वेगळ्या मानकात, मागाहून. कारण फाइलींच्या फॅशन दर दहा वर्षांनी बदलतात आणि रस्ता मात्र रस्ताच राहतो.

समिती कामाला लागली तेव्हा एक्सएमएल जन्मालाही आलं नव्हतं. ते आलं फेब्रुवारी १९९८ मध्ये. एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला नावाची चिठ्ठी लावून लिहायची पद्धत. माणसाला वाचता येते, यंत्रालाही. व्हँकुव्हरच्या गॅल्डोस सिस्टिम्स या छोट्या कंपनीतल्या रॉन लेक यांनी नकाशासाठी त्याचा वापर करायचं मनावर घेतलं आणि त्यातून जीएमएल ही भाषा आली. पहिली आवृत्ती २००० ची. त्या काळी एक्सएमएलचे नियम डीटीडी नावाच्या पद्धतीने लिहीत, आणि डीटीडीला चिठ्ठीच्या आतला मजकूर सगळा सारखाच. आकडा काय, तारीख काय, सगळी अक्षरं. मे २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमा पक्का झाला आणि पहिल्यांदा सांगता येऊ लागलं की या चिठ्ठीत पूर्णांकच हवा, त्या चिठ्ठीत तारीखच हवी. जीएमएलवाले एवढे घाईत, की त्यांची स्कीमावर बेतलेली दुसरी आवृत्ती त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे स्कीमा पक्का व्हायच्या आधीच बाहेर आली होती.

त्या दुसऱ्या आवृत्तीतली एक गंमत सांगते. जागेचे अक्षांश-रेखांश त्यात बहुतेकदा एकाच लांब अक्षरमाळेत लिहीत आणि दशांशाची खूण कोणती, दोन आकडे कशाने तोडायचे, हे शेजारी वेगळं सांगायची सोय होती. युरोपात बऱ्याच देशांत दशांशाला स्वल्पविराम वापरतात, तेव्हा ही सोय उदारच म्हणायची. पण यंत्राच्या लेखी ती माळ म्हणजे नुसती अक्षरं. आकड्यांच्या जागी तिथे 'आमच्या आजोळी' असं लिहिलं असतं तरी तपासणीत पास! २००३ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती जागा खऱ्या आकड्यांच्या यादीने घेतली. तोवर समिती २११ चे अर्थाचे आराखडेही तयार होत आले होते, आणि जीएमएल त्यांना जोडली गेली. २००७ मध्ये ती आयएसओ १९१३६ झाली. शेकडो पानांच्या त्या दस्तऐवजाच्या परिशिष्टात एक कोरडा तक्ता आहे. डावीकडे संकल्पनेतला प्रकार, उजवीकडे एक्सएमएलमधला. अक्षरमाळेला अक्षरमाळ, होय-नाहीला होय-नाही, बिंदूला बिंदू. लांबीच्या समोर मात्र नुसता दशांश नाही. तिथे आकडा अधिक एकक, आणि एकक सक्तीचं. आपल्या 'दोन वीस'ला तिथे प्रवेश मिळाला नसता. किती आणि कशात, दोन्ही सांगा, मगच आत या.

त्याच वर्षी आयएसओ १९१३९ आलं आणि माझी त्याच्याशी गाठ पडली. ते माहितीबद्दलच्या माहितीसाठी, म्हणजे मेटाडेटासाठी होतं: नकाशा कुणी केला, कधी केला, कितपत अचूक. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही युरोपातल्या ग्राहकासाठी नकाशांच्या अशा नोंदी तयार करायचो. पहिल्यांदा ती फाइल उघडली तेव्हा हसूच आलं. शीर्षक लिहायचं तर शीर्षकाची चिठ्ठी, तिच्या आत 'ही अक्षरमाळ आहे' अशी आणखी एक चिठ्ठी, आणि तिच्या आत बिचारं शीर्षक. तारखेचं तेच, आकड्याचं तेच. पेढ्याला कागद, कागदाला डबा, डब्याला पिशवी. सगळे म्हणायचे, या नॉर्वेजियनांना थंडीत दुसरं काम नसणार.

त्या आतल्या-बाहेरच्या चिठ्ठ्यांचं प्रयोजन मला फार उशिरा कळलं. बाहेरची चिठ्ठी म्हणजे रकाना, आतली म्हणजे किंमत. दोन वेगळ्या असल्यामुळे किंमत नसली तरी रकाना उरतो, आणि त्या रकान्यावर ती का नाही हे लिहिता येतं. त्यासाठी पाच ठरलेले शब्द दिलेत. एक, हा प्रश्न इथे लागूच नाही. दोन, योग्य किंमत आत्ता पाठवणाऱ्याच्या हाताशी नाही, कदाचित ती नसेलही. तीन, नंतर मिळणार आहे. चार, किंमत बहुधा आहे, पण पाठवणाऱ्याला ठाऊक नाही आणि काढताही येणार नाही. पाच, आहे, पण उघड करत नाही. जीएमएलमध्ये यांपैकी काहीच बसत नसेल तर 'इतर' म्हणून आपलं कारण लिहायची मुभाही आहे.

याच वेष्टनाचा आणखी एक उपयोग: एकाच नावाच्या शेजारी दुसऱ्या भाषेतलं नाव, भाषेच्या खुणेसह ठेवता येतं. आणि तारखेच्या प्रकारात नुसतं वर्ष किंवा नुसता महिना-वर्षही चालतं. ही बारीक गोष्ट वाटेल. पण आपल्या आधीच्या पिढीत किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो ते आठवा. शाळेच्या दाखल्याला पूर्ण तारीख हवी, घरच्यांना फार तर साल ठाऊक, मग गुरुजींनी १ जून टाकली. रकान्याने जेवढं मागितलं तेवढं माणसं भरतात, माहीत असो वा नसो.

आम्हीही तेच केलं. तपासणारा प्रोग्रॅम सक्तीचा रकाना रिकामा दिसला की लाल ओळ दाखवायचा आणि आमचं बिल लाल ओळी संपल्यावर निघायचं. कारण लिहिलं की लाल ओळ जाते हे कळल्यावर आम्ही एकच कारण सगळीकडे चिकटवलं: 'हाताशी नाही'. नकाशाला लागूच नसलेल्या प्रश्नालाही 'हाताशी नाही'. तीन आठवड्यांचं काम दोन दिवसांत झालं आणि टीम लीडरने समोसे मागवले. काही दिवसांनी ग्राहकाकडून अतिशय सभ्य शब्दांत विचारणा आली, की एवढ्या नोंदींमध्ये तुम्हाला एकदाही दुसरं कुठलं कारण कसं सापडलं नाही? ते पत्र मला अजून आठवतं. तेव्हा कटकट वाटली होती.

अदलाबदलीची एक भानगड राहिली, तीही याच कुळातली. जागेचे दोन आकडे लिहिताना अक्षांश आधी की रेखांश आधी? नाविक आणि भूमापक अक्षांश आधी घेतात. प्रोग्रॅमर आडवा अक्ष आधी घेतात, म्हणजे रेखांश. मानकं आधी एका बाजूला होती, २००५ च्या सुमारास दुसऱ्या बाजूला गेली आणि पुढची कित्येक वर्षं जगभरचे नकाशे आडवे पडत राहिले. पुणे साधारण १८.५ उत्तर, ७३.९ पूर्व. उलटं वाचलं तर पुणे जातं नॉर्वेच्या बेअर आयलंडच्या दक्षिणेला पन्नास-साठ किलोमीटरवर, बर्फाळ समुद्रात. आकडे दोन्ही खरे, तपासणीतही पास.

युरोपने मग या कागदी मानकांना कायद्याचं बळ दिलं. मे २००७ मध्ये इन्स्पायर नावाचा निर्देश लागू झाला. पर्यावरणाच्या कामासाठी ३४ विषयांची भौगोलिक माहिती सगळ्या सदस्य देशांनी एकाच आराखड्यात द्यायची, आणि सर्वसाधारणपणे जीएमएलमध्ये. नवी माहिती गोळा करायची सक्ती नव्हती, असलेलीच द्यायची होती. साहजिकच रकाने रिकामे राहणार. म्हणून तिथे ठरावीक गुणांना 'रिकामं राहू शकतं' असा शिक्का दिला आणि त्याची तीन कारणं ठरवली: आम्ही हा गुण भरतच नाही, आम्हाला माहीत नाही, आम्ही रोखून ठेवलंय. तिसरं कारण वाचून आपल्याकडे भुवया उंचावतील. पण रोखण्यामागे रास्त कारणंही असतात. दुर्मीळ पक्ष्याचं घरटं नेमकं कुठे आहे हे जगाला सांगू नये. मुद्दा असा, की सरकारी खात्याला स्वतःच्या फाइलमध्ये 'आहे, पण देत नाही' असं लिहावं लागतं, आणि ते लिहिलं की कुणीही विचारू शकतं, का देत नाही.

हे सगळं सुरळीत चाललं असं मुळीच नाही. जीएमएलच्या फाइली अगडबंब, आत चिठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या, साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्या म्हणजे शिक्षा. प्रोग्रॅमर वैतागले ते रास्तच होतं. २००८ मध्ये काही जणांनी मिळून जिओजेसन नावाची सुटसुटीत पद्धत काढली, २०१६ मध्ये तिचं इंटरनेट मानक झालं. रेखांश आधी, जगभर एकच मापनपद्धत, विषय संपला. आज वेबवरचे बहुतेक नकाशे तिच्यावर चालतात आणि मीही रोज तीच वापरते. पुढे इन्स्पायरवाल्यांनीही तिला दार उघडलं. तिच्यात 'किंमत नाही' असं लिहिता येतं, शेपफाइलसारखं शून्य होत नाही. फक्त का नाही, त्याला ठरलेली जागा नाही. माझं मत विचाराल तर प्रोग्रॅमरांनी डबे-पिशव्या फेकल्या ते बरंच केलं, पण त्या घाईत एका पिशवीतली चिठ्ठीही गेली.

आपल्याकडे माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. अर्ज फेटाळला तर अधिकाऱ्याला कारण कळवावं लागतं, हे कलम ७(८) मध्ये आहे. आपण त्यासाठी भांडतो, अपिलात जातो. त्याच वर्षी राष्ट्रीय नकाशा धोरण आलं, ज्याने सर्वेक्षण विभागाचे नकाशे जनतेसाठीचे आणि संरक्षणासाठीचे असे दोन मालिकांत विभागले. २०२२ च्या भूअवकाशीय धोरणात मानकांची भाषाही आहे. पण तेच खातं जेव्हा आपण होऊन तक्ता देतं आणि त्यात रकाने मोकळे असतात, तेव्हा आपण कारण विचारत नाही. आपण सरासरी काढतो.

मी मात्र यावेळी विचारायला गेले. तक्ता दिलेल्या त्याच कार्यालयात, मोकळ्या ओळींची यादी घेऊन. वाटलं होतं हाकलून देतील. भाऊसाहेबांनी चष्मा लावला, कपाटातून निरीक्षण विहिरींचं रजिस्टर काढलं आणि यादीवरून बोट फिरवत सांगत गेले. ही विहीर बुजवली, रस्त्यात गेली. इथे दोन फेऱ्या कुणी गेलंच नाही, माणसाची बदली झाली होती. हिचा आकडा आहे, पण मालकाचा आणि शेजाऱ्याचा वाद कोर्टात आहे, साहेबांनी देऊ नका म्हटलंय. आणि सरपंचांच्या गावची? तिच्यापुढे लिहिलं होतं, 'कोरडी. मापता आली नाही.'

म्हणजे माझ्या नकाशावर काठोकाठ भरलेली ती विहीर पार आटलेली होती, आणि हे कार्यालयाला ठाऊकही होतं. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात होतं, जो आपल्या प्रत्येक सरकारी नोंदवहीत असतो: शेरा. एक्सेल करताना तो रकाना उतरवलाच नव्हता. मी म्हटलं, भाऊसाहेब, हा का नाही पाठवला? ते म्हणाले, "ताई, तक्ता मागितला होता, तक्ता पाठवला. शेरा कुणी मागितलाच नाही."

त्यांच्यासमोर बसून मी सगळ्या मोकळ्या ओळींपुढे कारण लिहून घेतलं. पाच शब्दांत बसतंय का ते पाहिलं. बहुतेक बसली. बुजवलेली विहीर 'लागू नाही', बदलीवाल्या फेऱ्या 'माहीत नाही', कोर्टातली 'उघड नाही'. कोरडी विहीर मात्र कशातच बसेना. आकडा नाही हे खरं, पण माहिती तर आहे, आणि त्या तालुक्यातली ती सगळ्यात महत्त्वाची माहिती. शेवटी तिच्यासाठी 'इतर' वापरलं आणि पुढे भाऊसाहेबांचाच शेरा तसाच्या तसा ठेवला.

नवा नकाशा ग्रुपवर आहे. त्यात मोकळ्या विहिरींना रंग दिलेला नाही, नुसती गोल रेघ आहे, आणि बोट ठेवलं की कारण दिसतं. तीन गोलांवर बोट ठेवलं तर काहीच येत नाही. तिथे रजिस्टरमध्येही शेरा नव्हता. त्या तीन गावांतलं कुणी ही पोस्ट वाचत असेल, तर विहिरीत डोकावून कळवा.